यंत्रावरचं लुगडं

वीजकारखान्याच्या चिमणीची राख सुलोचनाबाईच्या कुरडयांवर पडे, अन् आर्वीच्या बाजारात काळ्या कुरडयांले कोणी हात लावत नव्हतं. कारखानावाले म्हणत, राख आमची नाईच. शेवटी प्रदूषण खात्याच्या एका साहेबानं येऊन तिच्या घराच्या स्लॅबवर हवा मोजाचं यंत्र लावलं.

"मावशी, आठवडाभर नीट सांभाळजा याले," तो म्हणाला.

मावशीनं जिवापाड सांभाळलं. कुरडयांवर झाकते तसं धुतलेलं लुगडं तिनं यंत्रावरही बांधलं. पाहुण्याची वस्तू, राखेत कशी ठेवाची? साहेबाची गाडी दारात आली तेव्हाच सोडलं.

साहेबानं यंत्र पाह्यलं अन् खुश झाला. "हवा एकदम साफ, मावशी! कारखानावाले खरं बोलून राह्यले होते."

"कायची साफ?" मावशी पेटली. तिनं लुगडं त्याच्यापुढंच झटकलं. साहेब खोकत मागं सरला. "हे होतं यंत्रावर झाकलेलं. आता याचं मोजा!"

"लुगड्याचं नाई धरत, मावशी. यंत्राचंच धरतात."

कागदावर त्यानं 'हवा उत्तम' लिहिलं. मंग गाडीपाशी थांबला, अन् काचेवरची राख पुसाले तेच लुगडं मागून राह्यला.