मुठीचं माप

निशाने वही इतक्या जोरात आपटली की देव्हाऱ्यातली घंटी किणकिणली.

"आकडे रचलेत म्हणे मी! मी!"

श्रीनाथ सर, तिचे पीएच.डी.चे मार्गदर्शक, फोनवर थंडपणे तसं बोलले होते. शुद्ध स्फटिक गार करत नेला की उणे दीडशे अंशांवर आतले अणू एका झटक्यात रांगेत बसतात, आणि चुंबकीय अनुनादाच्या यंत्रावर संकेत तिथेच बदलतो. साऱ्या जगात बदलतो. निशाचा तीन वेळा बदलला नाही. मिश्र स्फटिकांचं तिचं चार वर्षांचं काम याच शुद्ध स्फटिकाशी ताडून बघायचं होतं. सोमवारपर्यंत कारण दे, नाहीतर प्रबंधावर सही विसर, असं सरांनी सुनावलं.

कारण कुठून आणणार, डोंबल! नारपोलीच्या कॉलेजात शेजारच्या यंत्रमागांनी जमीन हादरते, स्फटिक धड वाढत नाही. म्हणून तिने या पावसाळ्यात अंजूरला घरीच, देव्हाऱ्याखाली, बरणीतला क्षार पाण्यात विरघळवून तो जिवापाड जपून वाढवला होता. तिने तीच बरणी भिंतीवर फेकायला उचलली.

"अगो, फेकू नको!" वांग्यांना पाणी घालून आलेले तिचे वडील, केसरीनाथ, दारातूनच ओरडले. "पावसाच्या आधी भरून ठेवलाय मी तो!"

निशाचा हात वरच राहिला.

"काय भरलंस, बाबा?"

"वांग्यांना दोन मुठी घेतलेला. वर फॉस्फेट लिवलाय, म्हंजे खतच ना? मंग दुकानातना आनून परत घातला. कोनाचा भांडा रिता ठेवाचा न्हाय, तुझी आय सांगून गेली."

"विचारायचं तरी! माझी चार वर्षं वांग्यांना घातलीस तू! चोर ठरवलंय मला तिकडे!"

केसरीनाथांनी खिळ्याला अडकवलेली त्या खताची रिकामी पिशवी काढून तिच्यापुढे धरली. तिच्या बरणीवर पोटॅशियम फॉस्फेट होतं. पिशवीवर अमोनियम.

निशाने ते दोनदा वाचलं. शुद्ध म्हणून तिने मिश्रच वाढवला होता. दोन्ही क्षार एकमेकांना ओढत राहतात, रांग लागूच देत नाहीत. यंत्र खरं बोललं होतं, आणि तीही. तरी राग काही उतरेना. पण सोमवारी सरांना द्यायला मिश्रणाचं नेमकं प्रमाण हवं होतं. तिने तराजू आणून फरशीवर ठेवला, बरणी उघडली.

"बस इथं. मूठ भर."

"रागावलीस?"

"खूप. तेव्हा घातलीस तेवढीच भर."

केसरीनाथांनी ओला हात लेंग्याला पुसला आणि मूठ भरून तराजूवर रिकामी केली. मग ओशाळून म्हणाले,

"परत देताना वर जरा चढ घातलेला."

निशाने आपटलेली वही उचलली, कोरं पान काढलं.

"तो चढही घाल," ती म्हणाली.