दहा ठिकाणी ठेवलेला आवाज

ताईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. जीव वाचेल, आवाज जाईल. बालवाडीत गोष्टी सांगण्यात जन्म गेलेली ती बाई, आणि लेक जेमतेम तीन वर्षांची. आवाज घुमू नये म्हणून ताईने कपडे टांगलेल्या कपाटात बसून गोष्टी रेकॉर्ड केल्या आणि धाकट्या भावाच्या हवाली केल्या.

"तू कॉम्प्युटरवाला. जप."

एक प्रत ताईच्या कॉम्प्युटरवर राहिली. दुसरी कुठल्या कंपनीकडे ठेवायला त्याचं मन घेईना. कंपनी कधी गाशा गुंडाळेल, नेम नाही. म्हणून त्याने असं जाळं निवडलं, जिथे अनोळखी माणसं मोबदला घेऊन एकमेकांच्या फायली आपापल्या कॉम्प्युटरवर सांभाळतात. फाइल कुलूपबंद, किल्ली त्याच्याकडे, प्रती दहा जणांकडे.

"दहाही एकदम बुडतील थोडेच?" तो भाऊजींना म्हणाला होता.

वर्षभराने ताईच्या कॉम्प्युटरची डिस्क कामातून गेली. भाऊ निर्धास्त होता. त्याने फाइल मागवली, तर एकाकडूनही उत्तर येईना. जाळ्यातल्या जाणकारांनी छडा लावला: ते दहा जण म्हणजे एकच माणूस. दहा नावांनी मोबदला उचलायचा. फाइल आहे का, अशी तपासणी आली की एकाच डिस्कवरून दहाही नावांनी हो म्हणायचा. ती डिस्क बिघडली आणि तो पसार झाला.

ताई भाजी निवडत होती. त्याने सगळं सांगितलं. तिचे हात थांबले. मग तिने पाटी ओढून लिहिलं, 'जेवलास?'

"ताई, कुलूप पक्कं होतं गं. मी माणसं मोजली, पण ती खरंच वेगळी आहेत का, ते नाही पाहिलं."

तिने पाटी पुसली. बराच वेळ पुसतच राहिली.

काही महिन्यांनी तो संध्याकाळी गेला तेव्हा भाऊजी लेकीला पुस्तकातून गोष्ट वाचून दाखवत होते, नोटीस वाचावी तशी. ताई शेजारी बसून, थांबायचं तिथे त्यांच्या गुडघ्यावर बोट टेकवत होती.

"आई अशीच सांगायची?" लेकीने विचारलं.

भाऊजींनी पुस्तक खाली केलं. त्यांनी ताईकडे पाहिलं.

ताईने होकारार्थी मान हलवली. लेकीचं समाधान झालं. तिने पान उलटलं. मामा उठून गॅलरीत गेला आणि गोष्ट संपेपर्यंत आत आला नाही.