पालथा हंडा

माझ्या अंगणातला लोखंडी हंडा कुणी पालथा घातलेला मला खपत नाही. सून म्हणते, "अहो आई, पाणी साठतं त्यात, डास होतात." होऊ देत! या बेटावर डासांनी कुणाला सोडलंय आजवर? धुणं झालं की हंडा सुलटा राहिला पाहिजे, तोंड आभाळाकडं करून. मी मेल्यावर तुम्हाला काय करायचं ते करा.

तिचंही चुकत नाही म्हणा. ती जन्मली तेव्हा आम्हाला गुलामीतून सोडवणारं युद्ध संपलेलं होतं. एके काळी आम्हाला मोठ्यानं देवाला हाक मारायचीही चोरी होती, हे तिला कुठून ठाऊक असणार? पेल्हॅम मालकाच्या मळ्यावर जसे बैल, तसे आम्ही. दिवसभर त्याचा कापूस वेचायचा आणि अंधार पडला की टायटसबाबाच्या खोपटात जमायचं. टायटसबाबा आमचा वडीलधारा, प्रार्थना तोच सांगायचा. त्याचा गळा असा खणखणीत की खाडीतले बगळे उडावेत. म्हणून दारात हा हंडा पालथा ठेवायचा आणि कडेखाली एक काटकी सरकवायची, आवाज आत शिरायला फट हवी ना. हंडा आवाज गिळतो, असं आमच्या आज्या सांगायच्या, आणि त्यांच्या आज्या ते समुद्रापलीकडून सांगत आल्या होत्या. मग काय, आम्ही गायचो, रडायचो, सुटका मागायचो आणि देवाच्या साक्षीनं मालकाला शिव्याही घालायचो. हंडा आहे की राखायला!

युद्धाच्या थोडं आधी टायटसबाबाचा एकुलता मुलगा सिपिओ पळून जायला निघाला. धक्क्याजवळ कालवांच्या शिंपल्यांचा मोठा ढीग होता, त्याच्यामागं त्यानं होडी लपवली होती. रात्री आम्ही सगळ्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली. पहाटे तो ढिगाजवळ पोचला, तर मुकादम बंदूक घेऊन होडीतच बसलेला. त्याच आठवड्यात मालकानं सिपिओला दूर उसाच्या मुलखात विकून टाकलं. पुन्हा तो कुणाच्या नजरेला पडला नाही.

आता मालकाला सांगितलं कुणी? हंड्यावर आमचा एवढा भरवसा, की शंका माणसावरच गेली. आणि ती गेली माझ्या नवऱ्यावर. माझा ब्रॅम गवंडी. त्या दिवशी तो मालकाच्या मोठ्या घराचं धुराडं दुरुस्त करत होता, आणि प्रार्थना संपल्यावर विसरलेली थापी आणायला परत तिकडं गेला. बस, तेवढं पुरलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण आम्ही दोघं आलो की चाललेली बोलणी बंद व्हायची. टायटसबाबानं ब्रॅमच्या डोक्यावर पुन्हा कधी हात ठेवला नाही. ब्रॅम म्हणायचा, "मिंडा, मी जीव तोडून सांगितलं तरी कोण ऐकणार?"

मग युद्ध पेटलं. मालकांविरुद्ध लढायला आलेल्या उत्तरेकडच्या गलबतांच्या तोफा ऐकून पेल्हॅम जेवत्या ताटावरून पळाला. उत्तरेच्या सैन्यात काळ्या माणसांना घेणार म्हटल्यावर ब्रॅमनं सगळ्यांच्या आधी नाव दिलं. जाताना म्हणाला, "परत येईन तर मान वर करून. नाही तर समज, नाहीच आलो." तो नाहीच आला. एका किल्ल्यासमोरच्या वाळूत पडला आणि तिथंच बाकीच्यांबरोबर पुरला गेला.

पुढं सेनापतीचा हुकूम निघाला, की या किनाऱ्यावरची जमीन सुटलेल्या लोकांना द्यायची. मला खाडीकाठचा तुकडा मिळाला. तिथं मी मका लावला, रताळी लावली, भेंडी लावली. कापसाचं एक रोप लावलं नाही! आणि कोपऱ्यात ब्रॅमचं रिकामं थडगं केलं. आमच्यात माणूस गेला की त्याचा शेवटचा कप, शेवटची बशी फोडून थडग्यावर ठेवतात, म्हणजे तो वस्तूंसाठी मागं फिरत नाही. आणि बाकीचेही आपापल्या घरून काहीबाही आणून ठेवतात. ब्रॅमच्या थडग्यावर फक्त मी ठेवलेला कप होता. दुसऱ्या कुणी साधा शिंपला आणून ठेवला नाही.

युद्ध जिंकलो आम्ही, पण झालं काय? राष्ट्राध्यक्षाला गोळी घातली, आणि नवा आला त्यानं जुन्या मालकांना माफी देऊन टाकली. माफी मिळाली तर मिळाली, वर जमिनीही परत! ऑक्टोबरात निरोप आला, की पेल्हॅम एका सैन्याच्या साहेबाला घेऊन येतोय. करारावर अंगठे-फुल्या करा आणि त्याच्याकडं कामाला लागा, नाही तर बेट सोडा.

त्या सकाळी मी सुटकेनंतर आम्ही बांधलेल्या प्रार्थनेच्या देवळात गेले, तर दारात हंडा पालथा.

"बाबा, हे काय?" मी विचारलं.

"असू दे गं," टायटसबाबा म्हणाला. "ते यायच्या आत आपसात बोलून घेऊ."

"आपण मोकळे झालो ना? मग चोरून कशाला बोलायचं?"

"मोकळ्या माणसालाही पोट असतं, मिंडा. थंडी तोंडावर आलीय. त्यांच्याकडं बंदुका आहेत आणि आपल्याकडं रताळी. मी करतो फुली. माझ्यामागं सगळ्यांनी करा."

"मी नाही करणार! या जमिनीसाठी माझा माणूस मेला."

तेवढ्यात मागून बायना फणकारली. ही माझी शेजारीण, जिभेला हाड नाही. "तुझ्या माणसाचं सांगू नकोस बाई. मोठ्या घराची वाट त्याला अंधारातही सापडायची."

सगळे खाली बघायला लागले. टायटसबाबानं तिला गप्प केलं नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण बोलून उपयोग काय? फितुराच्या बायकोचं कोण ऐकणार? बाबा म्हणेल तीच पूर्व दिशा. त्यानं फुली केली की जमीन गेली, माझी आणि सगळ्यांचीच.

ते आले. साहेब तरणा होता, एक बाही रिकामी. कागद वाचताना त्यानं एकदाही मान वर केली नाही. दाराशी दोन काळे शिपाई उभे होते. पेल्हॅम मात्र जावई घरी यावा तसा हसत आत आला.

"काय रे टायटस, म्हातारा झालास की! बायना, पोरं बरी आहेत ना?" मग साहेबाकडं वळून म्हणाला, "बघा, यांची नि माझी ओळख आजची नाही. माझ्याकडं सगळे सुखात होते. कधी कुणाची तक्रार नाही."

टायटसबाबानं लेखणी हातात घेतली. आता मात्र मला राहवलं नाही.

"सुखात?" मी उठून उभी राहिले. "आमच्या मनात काय होतं ते तुला कधी कळलं तरी का?"

मी पेल्हॅमला 'तुला' म्हटलं! पण तो चिडला नाही. लहान पोराचं कौतुक करावं तसा हसला.

"मला नाही कळलं? अगं, तुम्हाला माझ्याइतकं कोण ओळखतं? तो हंडा बघ दारात. अजून ठेवता वाटतं? साहेब, गंमत ऐका. यांना वाटतं तो हंडा आवाज गिळतो! खाडीवरचा वारा सुटला की यांचा शब्द न् शब्द माझ्या ओसरीवर यायचा. मी पाय पसरून निवांत ऐकत बसायचो. करमणूक व्हायची. आणि कधीकधी कामाचंही काही निघायचं."

टायटसबाबाचा हात कागदावर थांबला. "कामाचं म्हणजे काय, धनी?"

"तुझ्या पोराची होडी रे!"

"ती... ती कुणी सांगितली होती तुम्हाला?"

"सांगायला कशाला कुणी हवं? गळा केवढा तुझा! 'देवा, शिंपल्यांच्या ढिगामागची होडी सांभाळ' म्हणून तूच तर ओरडत होतास. मी फक्त मुकादमाला उठवलं." आणि तो पुन्हा हसला. "झालं गेलं ते सोड. कर फुली."

पेल्हॅम सोडून कुणीच हसलं नाही. टायटसबाबा मटकन खाली बसला. बेटावरचा सगळ्यात मोठा गळा, आणि त्याला साधा हुंदका जमेना. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या मनात काय आलं ते खरं सांगते. त्याची दाढी धरून हिसडावी असं वाटलं. ब्रॅम जिवंत होता तेव्हा कुठं होती ही नजर? आणि त्याच क्षणी त्याला पोटाशी धरावं असंही वाटलं. स्वतःच्या तोंडानं स्वतःचा मुलगा घालवला म्हाताऱ्यानं, आणि आज कळलं त्याला.

पण ही रडायची वेळ नव्हती. मी साहेबाकडं वळले. "ऐकलंत ना, साहेब? आम्ही रोज सुटका मागत होतो आणि हा रोज ऐकत होता. आणि आत्ता तुम्हाला सांगत होता, सगळे सुखात होते!"

साहेबानं पहिल्यांदा मान वर करून पेल्हॅमकडं पाहिलं. पेल्हॅमचं हसू तोंडावरच वाळलं.

टायटसबाबा उठला. हातातली लेखणी कागदावर ठेवून दाराशी गेला. हंडा तीन पायांचा, दोन माणसांना जड. म्हाताऱ्यानं एकट्यानं कडेला हात घालून तो सुलटा केला, असा की जमीन हादरली.

"पेल्हॅम," तो म्हणाला. धनी नाही, मालक नाही, नुसतं पेल्हॅम. "माझा आवाज तुला ऐकू येत होता ना? मग आता समोरून ऐक. नाही!"

बाहेर बांधलेला पेल्हॅमचा घोडा बुजला. "नाही!" बाबा पुन्हा म्हणाला, आणि तोपर्यंत मीही म्हणाले, बायनाही म्हणाली, आणि मग कोण म्हणतंय ते कळेनासं झालं.

पेल्हॅम लालबुंद झाला. "जमीन माझी आहे! घरं माझी! अरे, तो हंडासुद्धा माझाच आहे!"

"मग ने की उचलून," मी म्हटलं.

त्यानं खरंच कडेला हात घातला! दोनदा ओढलं. जन्मात कधी काही उचललं असेल तर शपथ. हंडा जागचा हलला नाही. त्यानं शिपायांकडं पाहिलं, तर दोघं शिपाई आढ्याला काय लागलंय ते बघत होते. एका कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळं देऊळ हसलं. साहेबानं कागद घडी करून खिशात घातले. त्यांच्यावर एकही फुली नव्हती.

म्हणून काही आम्ही जिंकलो असं नाही. कायदा त्यांचाच होता. थंडीत दुसरे शिपाई आले आणि आम्हाला जमिनीवरून उठवलं. आम्ही दलदलीच्या काठाला खोपटी बांधली, कालवं खाल्ली, मासे खाल्ले, पोरं गारठली. पण त्याच्या कापसाला कुणी हात लावला नाही. पीक बोंडातच कुजलं, पुढच्या वर्षी पुन्हा कुजलं. शेवटी त्यानं तुकडे पाडून जमीन विकायला काढली, तेव्हा मी खाडीकाठचा माझाच तुकडा परत घेतला. आज माझी सून त्याच अंगणात माझ्याशी डासांवरून भांडते.

पण त्या दिवसाची संध्याकाळ सांगायची राहिली. मी ब्रॅमजवळ बसले होते. टायटसबाबा आला. हातात लाकडी वाडगा, सिपिओचा. मुलगा कधीतरी परत येईल म्हणून तो त्यानं इतकी वर्षं जपून ठेवला होता. त्यानं तो दगडावर आपटून फोडला आणि ब्रॅमच्या थडग्यावर ठेवला. मग मातीवर हात ठेवला, ब्रॅमच्या डोक्यावर ठेवावा तसा. त्याच्यामागून बायना आली, तिनं तिची एकुलती एक चिनी मातीची बशी आणली होती. माझ्याकडं बघायची तिला हिंमत होईना. मी सरकून तिला जागा दिली. मग एकेक करत सगळं बेट आलं. कुणी कप आणला, कुणी शिंपले, कुणी आरशाचा तुकडा. अंधारायच्या आत थडगं झाकून गेलं.

"गायचं का?" बाबानं मला विचारलं. मला!

"हंडा आणू का?" बायनानं सवयीनं विचारलं, आणि स्वतःच जीभ चावली.

वारा खाडीवरूनच येत होता, सरळ मोठ्या घराकडं जाणारा. ओसरीवर दिवा होता आणि पेल्हॅम तिथं पाय पसरून बसलेला दिसत होता. आम्ही तिकडं तोंड करून उभे राहिलो आणि बाबानं सूर लावला. थोड्या वेळानं पेल्हॅम उठून आत गेला. मग ऑक्टोबरच्या उकाड्यात त्यानं एकेक खिडकी लावून घेतली.

आम्ही आवाज वाढवला.