तुकड्याचा जुळा

मुंगीचा खोकला थांबला, आणि मावशीला खरी धडकी भरली ती तेव्हा.

मुंगी म्हणजे ताईची दीड वर्षांची लेक. जमिनीवर दिसेल ते तोंडात, म्हणून हे नाव. ताई आंघोळीला गेली होती, मावशी टेबलाशी जिगसॉ जुळवत बसली होती, आणि खाली पडलेला एक तुकडा मुंगीनं चघळायला घेतला. ठसका लागला, चेहरा लालबुंद झाला. मावशीनं तिला पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा पुठ्ठ्याचा चोथा बाहेर पडला. थोडं खोकून पोर गप्प झाली.

"निघाला ना? मग तुझं तोंड का असं?" ओल्या केसांची ताई म्हणाली. "खेळतेय बघ."

"तुकडा पुरा आहे का बघू दे."

"झाली हिची प्रयोगशाळा सुरू."

मावशीनं चोथा पुसून सपाट केला. चित्र जुन्या काळच्या प्रवासी पोस्टकार्डाचं होतं: तळं, पांढरी बोट, काठावर हॉटेल. हा तुकडा नुसत्या निळ्या पाण्याचा. एक बाजू सरळ, म्हणजे काठावरचा. पण त्याला कान, म्हणजे शेजारच्या तुकड्यात अडकणारी गोल टोकं, किती होते? आसपासचं तळं अजून जुळलंच नव्हतं.

मग तिला कालची गंमत आठवली. डब्यात दोन चित्रं होती. डोंगरातल्या आगगाडीचं काल पुरं झालं, तेव्हा तळ्याचा एक तुकडा चुकून आगगाडीवरच्या आभाळात चपखल बसला होता. दोन्ही चित्रं एकाच साच्यानं कापलेली. म्हणजे या चोथ्याचा जुळा आगगाडीच्या काठावर असणारच.

ती चोथा काठाकाठानं लावून बघत गेली. रुळांखालच्या गवताशी तो जमला. तिनं गवताचा तुकडा उचलून शेजारी ठेवला. त्याला दोन कान जास्त होते. म्हणजे चोथ्याचे दोन कान मुंगीच्या आतच राहिले होते.

"ताई, गाडी काढ."

"अगं, हसतेय ती."

"हसू दे. चावी कुठंय?"

दवाखान्यात एक्स-रे स्वच्छ आला. ताईनं सुटकेचा निःश्वास टाकला.

"पुठ्ठा दिसतो का त्यात?" मावशीनं विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "पण खोकला थांबलाय ना?"

"अडकलेली गोष्ट घट्ट बसली तरी थांबतो ना?"

डॉक्टरांनी तिच्या तळहातावरचे दोन्ही तुकडे पाहिले. पुन्हा नळी लावून मुंगीच्या छातीची उजवी बाजू ऐकली, मग डावी, मग परत उजवी. ते उठले. "उजवीकडे हवा कमी जातेय. भूल देऊन दुर्बिणीनं बघू. आत्ताच."

बंद दाराबाहेर ताई मावशीकडे पाठ करून उभी राहिली. मावशीला ते रागावण्यापेक्षा जड गेलं. पोर तिच्या भरवशावर सोडली होती, आणि ती तळ्यात हरवून बसली होती.

नर्सबाई स्टीलची वाटी घेऊन आल्या. "डॉक्टर विचारतायत, एवढंच ना?"

वाटीत निळा, भिजलेला एक कान होता. मावशीनं तो जुळ्यावर धरला. डावीकडचा जमला. वरचा नव्हता.

"नाही. अजून एक आहे."

नर्सबाई धावतच आत गेल्या. मुठीतला जुळा घामानं मऊ पडत होता.

"दाखव मला," ताई अखेर म्हणाली. "कुठला राहिलाय?"

मावशीनं दाखवला. ताईनं त्या इवल्याशा कानावर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही.

दार उघडायच्या आधी आतून रडणं ऐकू आलं. बारीक, मग चांगलं खणखणीत. ताई दाराकडे धावली. मावशी उभीच राहिली, वाटीची वाट बघत.