पहिला बॉल दादाचा

दादाला पक्षाघाताचा झटका येऊन आठ महिने झाले होते. पाय सावरला, बोलणं सावरलं, तोंडाचा वाकडेपणाही गेला. डाव्या हाताची बोटं मात्र रुसली ती रुसलीच. एखाद्या वकिलाची बोटं रुसली असती तर फारसं बिघडलं नसतं, त्याचं काम जिभेवर चालतं. दादा पडला घड्याळजी. उजव्या हाताने तिळाएवढा स्क्रू फिरवायचा तर डाव्या हाताने घड्याळ धरावं लागतं, आणि त्या हाताने थरथरून चालत नाही. दुकानाचं शटर आठ महिने खाली होतं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. दादाने तो दोन दिवस दाबला. तिसऱ्या दिवशी कापून अर्धा केला आणि डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सारला.

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" असं म्हणून तो खिडकीशी बसून राहायचा. वहिनीने हात टेकले आणि धाकट्या दिराला बोलावून घेतलं. धाकटा सुतार होता. अंगावर कायम लाकडाचा भुसा, म्हणून दादा त्याला लहानपणापासून भुशाच म्हणायचा. दादाला तसं बसलेलं बघून समजूत घालण्याऐवजी आपण काय बनवू शकतो, याचाच तो विचार करू लागला. सुताराला बोलण्यापेक्षा काहीतरी ठोकणं सोपं जातं.

त्याला आठवलं ते लहानपणीचं, कोपऱ्यावरच्या लाँड्रीतलं पिनबॉलचं मशीन. कपडे धुऊन होईपर्यंत गिऱ्हाईक कंटाळू नये म्हणून लाँड्रीवाल्याने ते ठेवलं होतं. काचेखाली उतरती फळी, तिच्यावरून घरंगळत येणारा पोलादी बॉल, आणि तो खाली पडू नये म्हणून त्याला वर उडवणाऱ्या दोन पट्ट्या, म्हणजे फ्लिपर. डाव्या बाजूचं बटण दाबलं की डावा फ्लिपर उडणार, उजव्याचं दाबलं की उजवा. दादा त्यावर असा खेळायचा की गिऱ्हाइकं धुतलेले कपडे विसरून बघत राहायची. आणि नियम असा होता की पहिला बॉल दादाचा. हा नियम पुढे सगळ्यालाच लागू झाला. नवी सायकल आधी दादाने चालवायची, नवा रेडिओ आधी दादाने लावायचा. धाकट्याची पन्नाशी उलटली, केस पिकले, नियम तसाच राहिला.

डाव्या हाताचा व्यायाम म्हटला की दादा नाक मुरडणार, पण खेळ म्हटलं तर? खरं जुनं मशीन मिळणं कठीण होतं. पण हल्ली तेच मशीन घरी बांधतात असं धाकट्याने ऐकलं होतं. पेटी लाकडाची, बटणं खरी, फक्त फळीच्या जागी आडवा झोपवलेला टीव्ही. आतला बॉल, दिवे, फ्लिपर सगळं कॉम्प्युटर दाखवतो. धाकट्याने तेच करायचं ठरवलं.

चार महिन्यांचे रविवार त्यात गेले. जाड प्लायवूडची पेटी केली. मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच, म्हणजे काचेला उतार आला. टीव्हीची चौकट काढून तो आत असा बसवला की चहूबाजूंनी एका नखाएवढी फट राहिली. बटणांची भोकं गोल कटरने पाडली आणि कडा दादाच्या बोटांना लागू नयेत म्हणून झिरो नंबरच्या बारीक पॉलिशपेपरने घासल्या. बटण दाबल्यावर जुन्या मशीनसारखा ठक्क आवाज यावा म्हणून पेटीच्या दोन्ही बाजूंना आतून कॉइल लावल्या. बटण दाबलं की त्या लाकडावर ठोका देत. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने खेळ घालून दिला, आपल्या दुकानातल्या छोट्या स्क्रीनवर स्वतः खेळून बघितला आणि म्हणाला, "एकदम झकास." मग धाकट्याने तो कॉम्प्युटर घरी आणून टीव्हीला जोडला. प्रत्येक दिवा तपासला, प्रत्येक स्क्रू आवळला, दोन्ही ठोके ऐकले. एक गोष्ट तेवढी केली नाही. तो स्वतः खेळला नाही. पहिला बॉल दादाचा होता ना!

दादाचं घर दुसऱ्या मजल्यावर आणि जिना अरुंद, म्हणून मशीन धाकट्याच्या मागच्या खोलीतच राहिलं. दादा आला, मशीनभोवती एक फेरी मारली, काचेवरून उजवा हात फिरवला आणि वर्षभरात पहिल्यांदा हसला.

"भुशा, लेका, तू तर लाँड्रीच उचलून आणलीस."

तो उभा राहिला. बॉल सुटला, वर गेला, दिव्यांना धडकत खाली आला. दादाने डावं बटण दाबलं. ठक्क. बॉल फ्लिपरच्या बाजूने सरळ खाली गेला. दुसरा बॉल उजवीकडे आला. उजवं बटण, ठक्क, तोही गेला. तिसराही गेला. दादाचं हसू तिथेच मावळलं.

"सवय नाही रे इतक्या वर्षांची," धाकटा म्हणाला.

पुढचे पाच रविवार हेच चाललं. दादा मुकाट्याने यायचा, खेळायचा, बॉल घालवायचा. धाकटा शेजारी उभा राहून "आता जमलं बघ", "थोडक्यात चुकलं" असं काहीबाही बोलायचा. स्वतः बटणाला हात लावायचा नाही. आपण खेळलो आणि आपल्याला जमलं तर दादाला काय वाटेल, ही त्याची भीती होती. पाचव्या रविवारी दादाने विचारलं, "तुला किती जमतं?"

"मलाही एवढंच जमतं," धाकट्याने ठोकून दिलं. "परवाच खेळून बघितलं."

दादाने त्याच्याकडे बघितलं. लहानपणी काच फोडून 'मांजराने फोडली' म्हणणाऱ्या धाकट्याकडे तो असाच बघायचा. मग त्याने चपला घातल्या. सहाव्या रविवारी तो आला नाही.

गुरुवारी दुपारी वहिनीचा फोन आला. आवाज रडून बसलेला होता.

"भाऊजी, यांनी दुकान मोकळं केलं. बाजारातला तो दुसरा घड्याळवाला टेम्पो घेऊन आला होता. टेबल, चिमटे, भिंगं, सगळं देऊन टाकलं त्याला. मी अडवायला गेले तर म्हणतात, खेळण्यातला बॉल अडत नाही, लोकांची घड्याळं काय धरणार."

धाकट्याच्या हातातला रंधा तसाच राहिला. दादाचा हात त्याला परत द्यायला आपण निघालो होतो, आणि उरलीसुरली आशाही आपणच काढून घेतली. या मशीनने पाच रविवार दादाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती: तुझं संपलं. आणि ते मशीन आपण पॉलिश करून, कडा घासून त्याच्यापुढे ठेवलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. पेचकस उचलून तो मागच्या खोलीत गेला. मशीन उकलून टाकायचं, लाकूड दुसऱ्या कशाला तरी वापरायचं, नाहीतर जाळायचं.

पहिला स्क्रू काढण्याआधी त्याने रागाने बॉल सोडायच्या बटणावर तळहात मारला. रविवारी दादासाठी लावलेलं मशीन चालूच होतं, बॉल सुटला. आता सुटलाच आहे तर, म्हणून त्याने पेचकस काखेत धरला आणि बटणांवर बोटं ठेवली. बॉल आला. त्याने दाबलं. बॉल गेला. त्याने भुवया उंचावल्या. दुसरा आला, गेला. तिसऱ्याला पेचकस खाली ठेवून, पाय रोवून, श्वास रोखून तो उभा राहिला. तोही गेला. दोन धडधाकट हात, दिवसभर छिन्नी धरणारे, आणि स्कोअर दादापेक्षाही कमी!

त्याने नुसतं डावं बटण दाबून बघितलं. ठक्क, आणि मग फ्लिपर उडाला. पुन्हा दाबलं. ठक्क, मग फ्लिपर. मधे पापणी लवेल एवढाच वेळ, पण होता. कॉम्प्युटरवाल्याच्या स्क्रीनवर हे नव्हतं. म्हणजे गोम टीव्हीत होती. त्याने रिमोट शोधला आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरला. चित्र गुळगुळीत करणं, रंग खुलवणं, सगळी थेरं चालू होती. प्रत्येक चित्र नटवूनथटवून टीव्ही ते उशिरा दाखवत होता. खाली 'गेम मोड' म्हणून एक ओळ होती आणि ती बंद होती. त्याने ती चालू केली. बटण दाबलं. ठोका आणि फ्लिपर एकदम झाले.

तो तसाच, भुशासकट, दादाच्या घरी पोचला. दादा खिडकीशी होता.

"दादा, हात तुझा उशीर करत नव्हता. टीव्ही करत होता. एक सेटिंग बंद राहिलं होतं. चूक माझी आहे, शंभर टक्के माझी."

दादाने मान वळवली नाही. "परवा म्हणालास, मलाही एवढंच जमतं. आता म्हणतोस, टीव्ही. पुढच्या रविवारी काय, लाइट कमी होती?"

"ते खोटं बोललो होतो. मी खेळलोच नव्हतो."

"ठाऊक आहे. मग आजचं तेवढं खरं कशावरून?"

दादाचं मन राखायला धाकट्याने इतक्या थापा मारल्या होत्या की खरं बोलायची वेळ आली तेव्हा पत उरली नव्हती. शेवटी वहिनीच दादाच्या चपला घेऊन आली. "चला. खोटं निघालं तर दोघांनी मिळून झोडपू त्यांना. नाहीतरी तुमचा हात रिकामाच आहे."

तिघे मागच्या खोलीत आले. दादा सवयीने मशीनपुढे उभा राहायला गेला. धाकट्याने त्याचा दंड धरला आणि त्याला बाजूला केलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"पहिला बॉल माझा," तो म्हणाला.

त्याने गेम मोड पुन्हा बंद केला आणि दादाच्या डोळ्यांदेखत खेळला. जीव तोडून खेळला. एक गेला, दोन गेले, तीन गेले. वहिनी हसली आणि लगेच गप्प झाली. दादा स्क्रीनकडे बघत नव्हता. मान जराशी तिरकी करून, घड्याळाची टिकटिक ऐकताना करायचा तशी, तो ऐकत होता.

"ठोका आधी पडतो," तो हळूच म्हणाला. "चित्र मागून येतं."

"तुला कळलं?"

"पहिल्याच दिवशी कळलं होतं." दादा म्हणाला. "मला वाटलं, माझंच डोकं असं झालंय. कान पुढे आणि डोळे मागे. कोणाला सांगू? बायकोला सांगू, की आता डोकंही गेलं?"

वहिनीने तोंडाला पदर लावला. करवतीच्या आवाजाने मेलेले धाकट्याचे कान. त्यांना ते ऐकू आलं नव्हतं. आणि ज्याला ऐकू आलं त्याने पाच रविवार ते एकट्याने सोसलं होतं. धाकट्याने रिमोट उचलून गेम मोड चालू केला आणि बाजूला झाला. त्याला रडू आवरेना, म्हणून तो उगाच पेटीची कड पुसत राहिला.

दादा डावामागून डाव खेळला. चमत्कार वगैरे काही झाला नाही. उजव्या हाताने बॉल वर उडाला, पुन्हा उडाला. डावीकडे आले ते चुकले, तीन, चार, पाच. बोटं खरंच मंद होती. सहावा बॉल डावीकडे आला, दादाने दाबलं आणि बॉल फ्लिपरच्या टोकाला लागून वेडावाकडा का होईना, वर गेला. तो कुठे गेला ते दादाने बघितलंच नाही. तो आपल्या डाव्या हाताकडे बघत होता.

"आता जो उशीर आहे तो माझा," तो म्हणाला. "माझा असेल तर बघतो मी."

वहिनी म्हणाली, "मी उद्याच बाजारात जाते आणि टेबल परत मागते."

"दिलेलं मागायचं नाही. त्याने त्यावर काम सुरूसुद्धा केलं असेल." दादा तिथल्याच स्टुलावर बसला. पंचवीस वर्षं त्या टेबलावर कोपर टेकून तो बसला होता, आणि आता ते दुसऱ्याच्या दुकानात होतं. हे त्याला आत्ता नीट कळत होतं. त्याचा चेहरा पडला. मग धाकट्याने खिशातून टेप काढला, दादासमोर गुडघे टेकले आणि जमिनीपासून दादाच्या कोपरापर्यंतची उंची मोजायला घेतली.

"डावं कोपर," दादा म्हणाला. "ते खाली लोंबतं आता. त्याला टेकू दे."

"देतो."

"आणि भुशा, टेबल झालं की आधी तू बसून बघ. मग मला बोलाव."