तरण्या दातांचं जेवण

सौदीतल्या अल-खोबरच्या त्या सरकारी शुश्रूषागृहात सगळ्यांचं जेवण एकाच पद्धतीचं, मऊ. भात गिजगा, कोंबडी वाटलेली, फळं कुस्करलेली. ही जागा बांधली तेव्हा इथे म्हातारेच येणार असा अंदाज होता, आणि तेव्हा तो खराही होता. पण पुढे कुटुंबं लहान झाली, मुलं नोकरीसाठी रियाधकडे पांगली, आणि रस्त्यावर गाड्या तर अशा सुटतात की विचारू नका! मग पाठीचा कणा मोडलेले तरणेताठे पोरगेही इथेच येऊन पडू लागले. खाटांवरची माणसं बदलली, पण स्वयंपाकघराला ते कोणी सांगितलंच नाही.

नबील त्यांतलाच एक. वय चोवीस. अबकैकच्या रस्त्यावर गाडी उलटली आणि कमरेखालची ताकद गेली. आई नाही, बाप थकलेला, एकुलती बहीण लग्न होऊन दूर गेलेली. दोन्ही बाजूंच्या खाटांवर ऐंशी ओलांडलेले आजोबा. सुरुवातीला त्याने निमूट खाल्लं. मग चमचा दिसला की तो भिंतीकडे मान फिरवू लागला. बोलणं तर त्याआधीच बंद झालं होतं. शेवटी डॉक्टरीण म्हणाली, "रविवारी नाकातून नळी घालावी लागेल."

ते आलिमाने ऐकलं. आलिमा त्या वॉर्डातली नर्स, मूळची श्रीवर्धनची. नर्सने पेशंटवर जीव लावू नये म्हणतात; पण म्हणणाऱ्यांनी कधी कोणाला घास भरवलेला नसतो. तिने कोकणातलं कुठलंही माणूस करील तेच केलं. घरून पेज करून आणली, जाड तांदळाची, वर तुपाची धार. रोज आणली. नबीलने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

शनिवारी घरी आल्यावर ती नवऱ्यापुढे रडलीच.

"पेज?" जाफर म्हणाला. "अगो, माझ्या तापात मलाही पेजच घातलीस. मी काय केलं, ठाव हाय?"

"काय केलंस?"

"तू ड्यूटीवर गेलीस नि मी खालच्या हॉटेलातनं मटणाच्या चापा मागवल्या. हाडं गुपचूप टाकून आलो." तो हसला, मग जरा थांबून म्हणाला, "पेज समोर आली की वाटतं, आता आपण आजारीच. त्या पोराला दात हायत का नाय?"

आलिमा डोळे पुसायचीसुद्धा विसरली. इतकी वर्षं म्हाताऱ्यांना भरवून आपला हातच म्हातारा झाला की काय, असं तिला वाटलं.

रविवारी सकाळी तिने डॉक्टरीणबाईंना गाठलं. "नबीलला गिळायला त्रास आहे का?"

"छे, गळा ठणठणीत आहे."

"मग त्याला मऊ जेवण का?"

"इथे सगळ्यांना तेच असतं," बाई म्हणाल्या आणि स्वतःच थबकल्या. "मलाही कधी सुचलं नाही, बघ. दुपारी तुझं तू देऊन पाहा. पण नाही खाल्लं, तर संध्याकाळी नळी. आणखी थांबता येणार नाही."

दुपारी तिने नबीलला बसतं केलं आणि घरून तुपात तळून आणलेल्या चापांची ताटली त्याच्यापुढे ठेवली. "मी भरवणार नाही," ती आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाली. "हात तुझे, दात तुझे."

मग पाठ फिरवून ती शेजारच्या आजोबांना भरवायला बसली. मागे वळून बघायचा धीर होईना. या पोराने आजही तोंड फिरवलं तर ती नळी आपल्यालाच धरावी लागणार, हे तिला ठाऊक होतं. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. आणि मग कडाड् असा आवाज झाला.

आजोबा दचकले. "काय मोडलं?"

"काही नाही, चाचा," आलिमा म्हणाली, "नबील जेवतोय."

ती वळली तेव्हा ताटलीत नुसती हाडं होती आणि पोराची हनुवटी तुपाने चमकत होती. त्याने तिच्याकडे रागाने पाहिलं. कितीतरी दिवस न वापरलेला आवाज घोगरा निघाला.

"मीठ कमी आहे. उद्या जास्त घाल."

उद्या! एवढं एक ऐकायला ती इतके दिवस जिवाचं रान करत होती. बाहीने डोळे पुसत ती तिच्या श्रीवर्धनच्या बोलीत म्हणाली, "घालतंय रे मेल्या, घालतंय."

त्याला त्यातलं अक्षर कळलं नाही. त्याने ताटली पुढे केली आणि हात धुवायला पाणी मागितलं.