थोरलीचा दाखला

सुवर्णाचं हाड पंधरा वर्षांचं निघालं आणि कागद सतरा वर्षांचा. हे सांगायला तिचे फुटबॉलचे शेखर सर तिला मोटारसायकलवर मागे बसवून नाशिकहून थेट पाड्यावर आले, तेव्हा ठमाबाई गुडघाभर चिखलात भाताची लावणी करत होती. ती बांधावर आली. हात पुसायला कोरडं काही नव्हतं, म्हणून तशीच उभी राहिली.

"मावशी, हिचा जन्म कधीचा?" सरांनी विचारलं.

"पोळ्याच्या आदल्या दिवशीचा. घरीच झाली. माझ्या सासूनं नाळ कापली."

"कागदावर मे महिना आहे. पोळा कधी मे महिन्यात येतो का?"

 ठमाबाईने लेकीकडे पाहिलं. पोर आईपेक्षा वीतभर उंच झाली होती. चार वर्षांपूर्वी तालुक्याच्या खेळांत सरांनी तिचे लांब हात पाहिले, आश्रमशाळेतून उचलून तिला नाशिकच्या वसतिगृहात नेलं आणि गोलात उभं केलं. आता काठमांडूला दक्षिण आशियातल्या देशांची सतरा वर्षांखालच्या मुलींची फुटबॉल स्पर्धा होती. भारताच्या संघासाठी दोन महिन्यांच्या शिबिरात पंचवीस मुली होत्या, त्यात गोलकीपर तीन. सुवर्णा त्यांत पहिली. वय तपासायला मनगटाचा एक्स-रे काढला, त्यात ती पंधराची ठरली. पण दाखल्यावरच्या तारखेने ती स्पर्धेच्या वयोमर्यादेपेक्षा चार महिन्यांनी मोठी होती. कागद जुळला नाही तर नाव कापणार, असं वरून कळवलं होतं.

"तो कागद हिचा नाय," ठमाबाई शेवटी म्हणाली.

"मग कुणाचा?"

"हिच्या थोरलीचा. ती सुरगाण्याच्या दवाखान्यात झाली, म्हणून तिचा कागद होता. ती दहा महिन्यांची असताना गेली. हिचा कागद केलाच नाय कुणी. शाळेत टाकायला नेली तर मास्तर म्हणाला, दाखला आण. घरात एकच होता, तो दिला. तोवर हिला आम्ही चिमीच म्हणायचो."

सुवर्णा आईकडे बघत राहिली. "मला बहीण होती?"

"होती."

"आणि सुवर्णा तिचं नाव?"

सरांनी तिला पुढे बोलू दिलं नाही. त्यांचा चेहरा एकदम उजळला होता. "म्हणजे काम सोपं आहे. थोरलीच्या मृत्यूचा दाखला काढायचा आणि हिच्या जन्माची नवी नोंद करायची. कुठं गेली ती?"

"सायखेड्याला. द्राक्षाच्या कामाला गेलो होतो तेव्हा."

"मग उद्याच सायखेड्याला."

"सर, ते राहू द्या," ठमाबाई म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला की सरांना वाकून ऐकावं लागलं. "तिला नका उकरू."

"मावशी, मेलेल्या पोरीला आता कशाचा त्रास होणार आहे? जिवंत पोरीचं बघा. देशाकडून खेळायची संधी पुन्हा येत नाही."

 सुवर्णा बांधावर बसली आणि आईच्या पायावरचा चिखल हाताने काढू लागली. तिने असं कधी केलं नव्हतं. ठमाबाईला ते सहन झालं नाही. ती म्हणाली, "येते."

लहानूला, तिच्या नवऱ्याला, लावणी सोडून येता येण्यासारखं नव्हतं. त्याने एवढंच विचारलं, "जागा दाखवता येईल का तुला?" थोरलीसाठी नदीकाठी खड्डा त्यानेच खणला होता.

सायखेड्याच्या ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाने सगळं ऐकून घेतलं आणि हात वर केले. सोळा वर्षांमागचा मृत्यू. ना डॉक्टरचा कागद, ना कुणी पाहिलेला. प्रांतसाहेबांच्या आदेशाशिवाय नोंद होणार नाही, आणि आदेश हवा तर गावातला एक तरी साक्षीदार पाहिजे, ज्याने त्या वेळी पोर गेलेली डोळ्यांनी पाहिली. "तुम्ही सुरगाण्याकडचे लोक दर साल शेकड्यानं येता. कोण कुणाचं ध्यानात ठेवणार?"

"मालनबाई ठेवतील," ठमाबाईच्या तोंडून निघून गेलं. निघाल्याबरोबर तिला वाटलं, जीभ चावून घ्यावी.

त्या साली ठमाबाई ज्यांच्याकडे द्राक्षं तोडत होती, त्या मालनबाईंची बाग नदीच्या वाटेवर होती. तेव्हाचं कौलारू घर जाऊन तिथे दोन मजली बंगला झाला होता. मालनबाई साठीच्या पुढच्या, अंगाने सुटलेल्या, पण नजर तशीच धारदार. पोर्चमध्ये लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी ठमाबाईला क्षणात ओळखलं.

"ठमे? लय वर्षांनी गं. ही तुझी?"

"व्हय, मालकीणबाई."

शेखर सरांनी स्पर्धेबद्दल सांगितलं, भारताच्या संघाबद्दल सांगितलं. मालनबाईंनी सुवर्णाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, कौतुक केलं, सुनेला चहा टाकायला सांगितला. मग सरांनी साक्षीचा विषय काढला आणि त्यांचे लसूण सोलणारे हात थांबले.

"सही करीन की. मी पाह्यलंय ना. पण कारण काय लिहिणार?"

"ताप," ठमाबाई घाईने म्हणाली. "ताप आला होता तिला."

"ताप होता, पण तापानं नाय गेली ती." मालनबाई सरांकडे वळल्या. "हे बघा मास्तर, उद्या कुणी उठून म्हणायला नको की आमच्या बागेत फवारणीनं पोर मेली. आमचा माल परदेशात जातो. जे झालं तेच लिहायचं, नायतर मी सही करणार नाय."

"काय झालं होतं?" सरांनी विचारलं.

"मालकीणबाई," ठमाबाईने हात जोडले. "पोरीसमोर नको."

"नको कशी? तिच्यासाठीच तर चाललंय ना सगळं." मालनबाईंच्या आवाजात राग नव्हता. बाजारात भाव सांगावा तसं त्या सांगत होत्या. "पोर सकाळपासून किरकिर करत होती. ट्रक चार वाजता जायचा होता. मुकादम हिच्या डोक्यावर बसलेला. ही आली माझ्याकडं, म्हणाली, काहीतरी द्या. घरात नातवाचं खोकल्याचं औषध होतं, त्यानं पोरं झोपतात. मी बाटली दिली, म्हटलं, अर्धं झाकण पाज. आणि हिनं तीन झाकणं पाजली. मी वट्यावरून बघत होते. म्हटलं, ठमे, काय करतीस? तर म्हणाली, दोन ओळी तोडायच्या राहिल्यात मालकीणबाई, तेवढी निजू द्या. दोन ओळी झाल्या, ट्रक भरला, ही झोळीपाशी गेली तर पोर गार."

 सुनेने चहाचे कप आणून ठेवले आणि ती तशीच आत गेली.

ठमाबाईने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. लहानूलाही नाही. तो त्या दिवशी दुसऱ्या बागेत क्रेट वाहत होता. संध्याकाळी आला तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, ताप डोक्यात गेला. तो बिचारा आयुष्यभर तापालाच शिव्या देत राहिला. त्या तीन झाकणांचा गोड वास मात्र तिच्या नाकातून गेला नव्हता. पोरीने ते चाटूनपुसून घेतलं होतं. चौथ्यासाठी तोंड उघडलं होतं.

तिला वाटलं, सुवर्णा उठून निघून जाईल. रडेल.  पण सुवर्णाने सरांना विचारलं, "सर, असं लिहिलं तर आईला पोलीस धरतील का?"

"इतक्या जुन्या गोष्टीत कोण धरतंय? 'अजाणता औषध जास्त झालं' असं लिहू."

"मग लिहा," सुवर्णा म्हणाली.

लिहिलं. सरांनी मोठ्याने वाचून दाखवलं. मालनबाईंनी वळणदार सही केली. ठमाबाईच्या अंगठ्याला शाई लावायला सरांनी तिचा हात धरला, तेव्हा तिने अंगठा मागे ओढला, पहिला ठसा फिसकटला आणि कागद पुन्हा लिहावा लागला. दुसऱ्या वेळीही सरांनी सगळं मोठ्याने वाचलं, कारण नियम तसा होता.

नंतर ग्रामसेवकासोबत तिला नदीकाठची जागा दाखवायला नेलं. तिथे आता कुणीतरी कोथिंबीर लावली होती. ग्रामसेवकाने मोबाइलवर फोटो काढला. "इथं बोट दाखवून उभ्या राहा," तो म्हणाला. ती राहिली.

सरांच्या ओळखीने कागद भराभर हलले. अठरा दिवसांत दोन दाखले हातात आले, एक थोरलीच्या मृत्यूचा, एक धाकटीच्या जन्माचा. सरांनी ते पाठवून दिले. आठवड्याने त्यांचा फोन आला. शेजारच्या पोराकडून फोन घेऊन ठमाबाई अंगणात उभी राहिली.

"मावशी, नाही जमलं. नोंद जन्मानंतर वर्षभराच्या आत झालेली पाहिजे, तरच दाखला चालतो. उशिराचा दाखला ते धरत नाहीत."

"आता सांगतात?"

"नियम आधीपासूनचाच आहे. मला माहीत होता. पण म्हटलं, हाड पंधराचं आहे, एखाद वेळेस मान्य करतीलही. प्रयत्न करून बघायला काय जातंय?"

काय गेलं, ते ठमाबाईला माहीत होतं. सर पुढे बोलतच होते. सुवर्णाच्या जागी गोलकीपर म्हणून वेदिका चालली होती, तीही त्यांच्याच हाताखाली शिकलेली, नाशिकरोडची. म्हणजे आपल्या मैदानाची एक मुलगी संघात गेलीच. ते आनंदात होते आणि तो आनंद त्यांना लपवताही येत नव्हता.

काठमांडूतला अंतिम सामना दुपारचा होता. दुसऱ्या दिवसापासून वसतिगृहाला सुट्टी लागणार होती, म्हणून ठमाबाई पोरीला न्यायला नाशिकला गेली. हॉलमध्ये मोठा पडदा लावला होता. वर्तमानपत्राचा माणूस आलेला. सरांनी सुवर्णाला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. "वेदिकाची जोडीदार ही. हिनेच तिला उडी मारायला शिकवलं," त्यांनी त्या माणसाला सांगितलं. ते खरं होतं.

ठमाबाई दाराशी उभी राहून बघत होती. तिला खेळातलं काही कळत नव्हतं. ती फक्त सुवर्णाच्या मानेकडे बघत होती. निळ्या कपड्यातल्या मुली जिंकल्या. शेवटची पेनल्टी वेदिकाने अडवली आणि हॉल उसळला. मुलींनी सुवर्णाला ओढून नाचायला नेलं. सुवर्णा नाचली. सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडली. वर्तमानपत्राच्या माणसाने तिचाच फोटो काढला. ठमाबाईच्या छातीवरचं ओझं जरासं उतरलं. पोरीचं मन मोठं आहे, विसरेल, असं तिला वाटलं.

परतीच्या एसटीत सुवर्णा खिडकीशी बसली. दिंडोरी गेली, वणी गेली. घाट लागला तेव्हा तिने तोंड उघडलं.

"आई, मला पण पाजायचीस का ते औषध?"

ठमाबाईला खोटं बोलता आलं असतं. पण सायखेड्याच्या त्या पोर्चनंतर तिच्यात खोट्याचं बळ उरलं नव्हतं.

"पाजायची. कामावर गेलो की."

"किती?"

"अर्धं झाकण. देवाशपथ, अर्धंच. मोजून."

सुवर्णाने मान हलवली, जणू हिशोब जुळला. मग ती उठली आणि पुढे कंडक्टरजवळच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसली. सुरगाण्यापर्यंत ती मागे वळली नाही.

घरी लहानू वाट बघत होता. त्याने पोरीसाठी नदीतले मासे आणले होते. ठमाबाई चुलीशी बसली. बाहेर ओट्यावर सुवर्णा बापाला सामन्याचं सांगत होती. तिचा आवाज आत ऐकू येत होता. कोण कसं धावलं, वेदिकाने उडी कशी मारली. आणि त्याच आवाजात, मध्ये श्वासही न घेता, ती म्हणाली, "बाबा, थोरली तापानं नाय गेली." तिने सगळं सांगितलं. सही, दोन ओळी, तीन झाकणं. काही वाढवलं नाही, काही सोडलं नाही.

ठमाबाई तव्यावरच्या भाकरीकडे बघत राहिली. ती करपली तरी तिला उलटता आली नाही. तिने मार खायची तयारी केली होती. लहानू दारू पिऊन दोनदा तिच्यावर धावून गेला होता, तसा आताही येईल असं तिला वाटलं. तो आला नाही.

तो बऱ्याच वेळाने आत आला. तिने ताट वाढून पुढे सरकवलं, मासे, नागलीची भाकर, मीठ. त्याने ताटाकडे पाहिलं. मग फळीवरून दुसरी थाळी काढली, स्वतःच्या हाताने टोपल्यातली भाकर घेतली, कालवण ओतून घेतलं आणि ओट्यावर पोरीजवळ जाऊन बसला. पाण्याचा तांब्याही स्वतःच भरून घेतला.

पोरीने तिथूनच विचारलं, "बाबा, मला पण वाढता का?"

"वाढतो," लहानू म्हणाला, आणि पुन्हा आत आला.